कडा उजव्या कानाला

"कोयता काढून ठेव," मी म्हणालो.

साळू माझ्याकडे बघतच राहिली. डिसेंबरातली सकाळ, पावणेसात वाजलेले. कोयनेच्या फुगवट्यावर धुकं असं दाटलं होतं, की काठावर उभं राहून आमच्याच कयाकचं पुढचं टोक दिसत नव्हतं.

"कोयता व्हय? का ओ काका?"

"लोखंड जवळ असलं की होकायंत्राची सुई फसते म्हणून."

"आबांनी लाँचवर मला कदी बिनकोयत्याचं येऊ दिलं न्हाय. पान्यात काय आडवं येईल सांगता येतं का?"

"आबांच्या लाँचवर होकायंत्र होतं?"

"न्हाय."

"मग झालं तर! छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलीत मी. सुईचं मला शिकवू नकोस, बाई."

तिच्या कंबरेला मागे लाकडी आकडी होती. त्या भागातली माणसं तिच्यात कोयता अडकवूनच घराबाहेर पडतात, आपण खिशात रुमाल ठेवतो तितक्या सहज. साळूने कोयता काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि काठावरच्या खडकावर ठेवला. ठेवताना एकदा मागे वळून बघितलं. मला तिची गंमत वाटली होती तेव्हा.

बारा वर्षं झाली याला. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात बसून हिच्या हातचे पोहे खात म्हातारा व्हायची माझी अजिबात तयारी नव्हती. पेपरात जाहिरात वाचली: आठ दिवसांचा वर्ग, कयाकमधून लांबचा प्रवास करायचा तर पाण्यावर दिशा कशी शोधायची ते शिकवणार. नकाशा, होकायंत्र, अंतराचा अंदाज. हे तर माझ्या घरचंच कार्य! ही म्हणाली, "साठी आली, आता कसली वल्ही मारताय? कंबर धरली म्हणजे कोण येणार तिथे शेकायला?" मी म्हटलं, बघच तू.

दाभे गावाच्या काठावर तंबू ठोकून रणदिवे सरांनी हा वर्ग चालवला होता. सर फौजेतून आलेले, आवाज न चढवता दरडावणारे. वर्गात बहुतेक पुण्यामुंबईची हौशी मंडळी होती आणि गावातली एकटी साळू शेलार. सव्वीस-सत्तावीसची, काटक, मोजकं बोलणारी. तिचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, वीस वर्षं या पाण्यावर लाँच चालवायचे. काचबिंदूने डोळे गेले आणि लाँच बंद झाली. मुंबईचा भाऊ म्हणत होता, दोघंही इकडे या, साळूला एका घरी कामाला लावतो. आबा तर घाटकोपरच्या त्या खोलीचं नाव काढलं तरी जेवत नसत. गावाच्या काठालाच एक पर्यटन केंद्र उभं राहत होतं. पाहुण्यांना पाण्यावर फिरवायला त्यांना माणसं हवी होती, पण प्रमाणपत्रवालीच. साळू त्यासाठी आली होती.

"पत्र मिळालं तर इथंच ऱ्हाऊ आमी," पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं. "न्हाय मिळालं तर संक्रांतीला दादा न्यायाला येनार हाय."

शेवटच्या परीक्षेला सरांनी जोड्या पाडल्या. धुक्यात काठ सोडायचा, पश्चिमेला दीड किलोमीटरवर पाण्यातून वर आलेलं एक टेकाड आहे, तिथे ठेवलेल्या डब्यातून आपला बिल्ला घ्यायचा आणि परत यायचं. "पाण्यावर माणूस चुकत नाही, नाव चुकते," सर म्हणाले. "म्हणून दोघं पास, नाहीतर दोघं नापास." माझ्या वाट्याला साळू आली. मी खूश झालो, कारण ती वल्हं उत्तम मारायची आणि वाद घालायची नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. सहाव्या दिवशी माझी कंबर धरली होती, चांगली कळ मारत होती. पण अर्जात 'पाठीचा अगर कंबरेचा त्रास?' या ओळीपुढे मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहून बसलो होतो, आणि त्रास असलेल्याला सर पाण्यात सोडत नसत. बॅगेच्या तळाशी हिने घातलेला एक पट्टा सापडला. कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला, बांधला की दुखणं पळालंच म्हणून समजा असला. आजवर मी त्याची थट्टाच केली होती. त्या सकाळी मुकाट्याने बनियनवर आवळला, वर शर्ट, वर लाइफ जॅकेट, आणि ताठ मानेने काठावर येऊन साळूला कोयता काढायला लावला.

होकायंत्राचं तंत्र सोपं आहे. डबीत एक लाल घर आखलेलं असतं. डबी जायच्या दिशेला लावून ठेवायची आणि सुई त्या घरात बसेपर्यंत नाव वळवायची. सुई घरात, म्हणजे तुम्ही वाटेवर. काठावर उभं राहून, हात लांब करून मी दिशा लावली. सुई अचूक बसली. साळू पुढे बसली, मी मागे. मागच्याच्या पायाशी सुकाणूची पेडलं असतात, म्हणजे वळवणं माझ्याकडे. आम्ही निघालो.

दोन-तीन मिनिटांत काठ पुसला गेला. खाली राखी पाणी, वर राखी धुकं, मधे आमची पिवळी कयाक. वल्ह्याचं पाणी ठिबकण्याखेरीज आवाज नाही. साळूने मधेच वल्हं थांबवलं, तोंडाशी हात नेला आणि हाक घातली, "होऽऽऊ!"

मी दचकलो. "काय झालं?"

"काय न्हाय. कडा बोलला. उजव्या कानाला."

उत्तरेच्या काठाला एक उभा काळा कडा आहे. त्याच्यावर आपटून हाक परत येते. आबा धुक्यात लाँच याच्यावरच हाकायचे: टेकाडाकडे जाताना कडा उजव्या कानाला बोलला पाहिजे, येताना डाव्या. साळू सहा वर्षांची असल्यापासून लाँचच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसून हाका घालायची. छान आहे, मी म्हटलं. लहान मुलाच्या चित्राला म्हणतो तसं.

मग दोन्ही हात वल्ह्याला हवेत म्हणून मी होकायंत्र मांडीवर ठेवलं, दोरी गळ्यात होतीच. बघतो तर सुई घरातून बाहेर सरकलेली. म्हटलं, बोलण्यात नाव भरकटली. डावं पेडल दाबलं. सुई जरा आली. आणखी दाबलं. आणखी जरा आली. बरीच वळवल्यावर एकदाची घरात बसली, आणि बसली ती बसली. हलेचना. नाहीतर कयाकमध्ये सुई कशी थुईथुई नाचते! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. छत्तीस वर्षांचा हात आहे, उगीच नाही.

"होऽऽऊ!" साळू थांबली. "काका, कडा मागं गेला."

"कडा कुठे जाईल? वल्हं मार."

थोड्या वेळाने परत हाक. ती मान वाकडी करून ऐकत राहिली. मग पूर्ण वळून माझ्याकडे बघितलं. "काका, आता डाव्या कानाला आलाय. आपन उलटं चाललोय ओ."

"धुक्यात आवाज फिरतो, साळू. शाळेत शिकवतात हे."

"आवाज न्हाय फिरत. आपन फिरलोय."

"हे बघ!" मी होकायंत्र उचलून न दाखवता तिथूनच बोट दाखवलं. "सुई घरात आहे. केसभरसुद्धा हललेली नाही. कडे बोलत नसतात, सुई बोलते. आणि सुई खोटं बोलत नाही."

मला तिची दया आली, खरंच सांगतो. म्हटलं, करावं गरिबाचं समाधान. "बरं, वळव तू. बघू."

साळूने एका बाजूने लांब लांब सहा-सात हात मारले. मला नाव वळल्यासारखी वाटली. खाली बघितलं तर सुई किंचित थरथरली आणि पुन्हा होती तिथेच.

"बघितलंस? नाव वळलीच नाही."

"वळली की ओ!"

"सुई म्हणते, नाही वळली. तुझा कान मोठा की सुई?"

मी पेडल दाबून, माझ्या मते, नाव पुन्हा वाटेवर आणली. पुढची पंधरा मिनिटं साळूने एकही हाक घातली नाही. टेकाड लागायला हवं होतं, लागलं नाही. अर्धा तास झाला. वारा सुटायला लागला आणि लाटा कयाकच्या अंगावर येऊ लागल्या. टेकाडाच्या आडोशाला अशा लाटा असायला नको होत्या. तरी तोंडाने मी "आलंच, आलंच" म्हणत होतो.

मग कयाक गपकन थांबली. वल्ही मारतोय, नाव जागची हलत नाही. वाकून बघतो तर थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगताहेत. मासेमाऱ्याचं तंगुसाचं, बारीक नायलॉन दोऱ्याचं जाळं, आणि आमचं सुकाणू त्यात गुरफटलेलं.

"काका, हलू नका," साळू म्हणाली. "म्या बगते."

न हलता बसेन तो मी कसला! मागे वळून सुकाणू ओढायला गेलो. कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि दुसऱ्या क्षणाला मी पाण्यात होतो.

त्या पाण्याची थंडी अजून माझ्या हाडांत आहे. श्वासच घेता येईना. लाइफ जॅकेट वर खेचत होतं आणि उजवा पाय खाली. जाळ्यात. झटका दिला तसा दुसराही अडकला. एक लाट तोंडावरून गेली, मग दुसरी. मी ओरडत होतो की नुसता पाणी गिळत होतो, देव जाणे. साळूचा हात आपोआप मागे कंबरेकडे गेलेला मी बघितला. आकडी रिकामी होती. तो हात तिथे एक क्षण नुसता थांबला.

ती पाण्यात उतरली. जॅकेट काढून कयाकवर टाकलं आणि बुडी मारली. माझ्या घोट्याशी तिचे हात लागत होते, आणि एकदा दात. हो, दात. वर यायची, श्वास घ्यायची, परत खाली. किती वेळा, मी मोजलं नाही. शेवटी पाय सुटला आणि तिने मला ढकलून कयाकच्या पाठीवर पालथा घातला, पोतं टाकावं तसा. मग स्वतः कयाकच्या कडेला धरून लोंबकळली आणि गळ्यातली शिट्टी फुंकू लागली. शिट्टी तांबडी होत होती. आधी मला कळलं नाही. मग तिचा उजवा हात दिसला. तंगुसाने दोन बोटं हाडापर्यंत कापली होती.

"साळू, हात! अगं हात!"

"गप ऱ्हावा काका," ती म्हणाली, आणि परत शिट्टी.

रणदिवे सरांची मोटरबोट शिट्टीच्या रोखाने आली. आम्ही टेकाडाच्या बाजूला नव्हतोच. निघालो त्या काठापासून जेमतेम चारशे मीटरवर, दक्षिणेला, उघड्या पाण्यात होतो. अर्धा-पाऊण तास वल्ही मारून आम्ही गोल फिरलो होतो.

काठावर शेकोटी पेटवलेली होती. साळूच्या हाताला एका डॉक्टर मुलीने पट्टी बांधली आणि म्हणाली, मेढ्याला न्यायलाच हवं, टाके पडतील. त्या बाजूची प्रवासी लाँच साडेअकराला होती. आबांना कुणीतरी हाताला धरून आणलं होतं, ते साळूच्या शेजारी दगडावर बसले होते. सरांनी माझ्या गळ्यातलं होकायंत्र काढून घेतलं, वाळूत दहा पावलं गेले आणि आता दिसू लागलेल्या कड्यावर, देवळावर, टेकाडावर लावून बघितलं. तिन्ही वेळा.

"तंतोतंत आहे," ते परत येऊन म्हणाले. "होकायंत्रात दोष नाही. मग नाव कुणी फिरवली?"

मी साळूकडे बघितलं नाही. "मी सुईवरच होतो, सर," मी म्हणालो. "मधे एकदा हिच्या आग्रहावरून वळलो होतो."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी तेव्हा स्वतःला हेच सांगितलं.

सरांनी साळूकडे बघितलं. ती पट्टीतल्या बोटांकडे बघत होती. ती आता उसळून उठेल, म्हणेल की कडा डावीकडे बोलत होता, म्हातारा ऐकेना, असं वाटून मी अंग आकसून घेतलं. ती म्हणाली, "माजाच कान फसला आसंल, सर. सुई बरूबर व्हती. म्या बघितली ना, हलत न्हवती."

"मग दोघांचंही राहिलं," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं. "देवस्थळी, तुम्ही पुढच्या वर्षी या. साळू..."

मी तंबूत आलो. दात वाजत होते. ओले कपडे सोलून काढले आणि पट्टा सोडायला लागलो. पोटावर त्याचं बक्कल होतं, दोन जाड काळ्या चकत्या, एकमेकींना चिकटणाऱ्या. कडक झालेल्या बोटांनी ओढून सोडवलं आणि पट्टा खाटेवर टाकला. होकायंत्र सरांनी परत दिलं होतं, ते खाटेवरच पडलं होतं.

सुई फिरली.

मी बघत होतो आणि ती गर्रकन फिरून पट्ट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी पट्टा उजवीकडे सरकवला. सुई उजवीकडे. डावीकडे. सुई डावीकडे, आज्ञाधारक पोरासारखी. पट्टा उलटा केला तर आतल्या बाजूला छापलेलं होतं: शक्तिशाली चुंबकांचा आरोग्य पट्टा.

मी खाली, जमिनीवर बसलो. छत्तीस वर्षं! शेतात साखळी टाकणाऱ्या गड्यांना मी किल्ल्या, पान्हे, विड्यांच्या डब्यासुद्धा लांब ठेवायला लावायचो. त्या पोरीचा कोयता मी खडकावर ठेवायला लावला. आणि दोन जाडजूड चुंबकं पोटाला बांधून, सुई मांडीवर घेऊन बसलो, आणि म्हणालो, तुझा कान मोठा की सुई.

आता खरं सांगतो. पहिला विचार कबूल करायचा आला नाही. पहिला विचार आला, हे कुणाला कळणार नाही. पट्टा बॅगेत जाईल, बॅग पुण्याला जाईल. पोरीला मुंबईत काम मिळेलच, उपाशी थोडीच मरणार आहे. लोक जातातच की मुंबईला. माझं हसं झालं तर? मोजणी खात्यातले देवस्थळी, चुंबक बांधून होकायंत्र बघतात! मी पट्टा गुंडाळून बॅगेच्या तळाशी कोंबला, वर टॉवेल टाकला आणि चेन लावली. ही गोष्ट मी बारा वर्षांत हिलाही सांगितली नव्हती. आत्ता लिहून काढतोय.

कोरडे कपडे घालून बाहेर आलो तर धुकं उठलं होतं. लख्ख ऊन. पाण्याच्या कडेला साळू आणि आबा दोघंच लाँचची वाट बघत उभे होते. आबांनी तिला पाठमोरी केली.

"डोळं झाक," ते म्हणाले. "झाकलंस?"

"व्हय."

आबांनी तिचे खांदे धरून तिला तीनदा गोल फिरवलं. मग स्वतः तोंडाशी हात नेला आणि म्हाताऱ्या छातीतून हाक घातली, "होऽऽऊ!"

कडा बोलला. एवढा स्पष्ट, की माझ्या शहरी कानालाही कळलं, डावीकडे.

"कुटं हाय?" आबा म्हणाले.

साळूने डोळे आणखी घट्ट मिटले.

"साळे, कुटं हाय कडा?"

तिने चांगला हात थोडा उचलला, डावीकडे, आणि मधेच खाली घेतला. "न्हाय कळत, आबा," ती म्हणाली. "मला वाटतंय त्ये खरं नसतं."

आबांचे हात तिच्या खांद्यावरून खाली आले. ते म्हणाले, "मग दादाला फोन लाव. म्हनावं, संक्रांतीची वाट नगं."

मी आत गेलो, चेन उघडली. पुढचं मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की पट्टा हातात घेऊन मी वाळूतून जवळजवळ धावत होतो आणि ओरडत होतो, "सर! रणदिवे सर, इकडे या!"

सर आले, मागोमाग वर्गातले चारजण. मी होकायंत्र दगडावर ठेवलं आणि पट्टा जवळ नेला. सुई फिरली. लांब नेला, परत गेली. पाण्यावर दूर कुठेतरी लाँचचं इंजिन ऐकू येत होतं.

"हे काय आहे?" सर हळू म्हणाले.

"कंबरेचा पट्टा. चुंबकाचा. सकाळी मी बांधला होता. मला आत्ता कळलं."

"अर्जात तुम्ही 'नाही' लिहिलं होतं."

"हो."

सरांचा चेहरा पांढरा पडला. आबांनी हात पुढे केला, मी पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्या चकत्या बोटांनी चाचपल्या, एकमेकींपासून ओढल्या, सोडल्या. टक्कन चिकटल्या. "म्हंजी," त्यांनी विचारलं, "पोरीचा कान बरूबर व्हता?"

"अगदी बरोबर होता, आबा. पहिल्यापासून. सुई मी फसवली, आणि मलाच माहीत नव्हतं."

साळू इतका वेळ त्या दगडावरच्या सुईकडे बघत होती. आता तिने मान वर केली. "माजा कोयता काढाया लावलात तुमी," ती म्हणाली.

"चुकलं माझं, साळू."

"लोखंड जवळ नगं म्हनालात. आन् सोता..." तिने पट्टी बांधलेला हात माझ्यासमोर धरला. पट्टीतून लाल आलं होतं. "कोयता जवळ आसता तर पान्यात दोन घाव घातलं आसतं, काका. दोन घाव! बोटं कापली नसती माजी."

"मला माहीत नव्हतं गं. शपथेवर सांगतो. पट्ट्याने केलं सगळं."

"पट्ट्यानं सुई फिरवली," ती म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. "मग सर इचारीत व्हतं, नाव कुनी फिरवली, तवा माज्याकडं बोट दावलंत, त्येबी पट्ट्यानं केलं व्हय?"

भर उन्हात माझ्या अंगावर पुन्हा ते थंड पाणी आलं. सगळे माझ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतकं सरळ मोजलं नव्हतं. लाँच काठाला लागली, आबांनी पट्टा माझ्या हातात परत दिला, आणि बापलेक फळीवरून चढून गेले. खडकावरचा कोयता घ्यायला मात्र ती विसरली नाही. डाव्या हाताने घेतला आणि डाव्या हातानेच, चाचपडत, आकडीला अडकवला.

हाताचे टाके निघाल्यावर सरांनी तिची परीक्षा पुन्हा घेतली. धुक्यात, होकायंत्राशिवाय. आधी ती पाण्यात उतरायलाच तयार नव्हती म्हणे. आबा काठावर बसले आणि म्हणाले, हाक तू घाल, ऐकतो आपन दोघं. बिल्ला घेऊन ती पाऊण तासात परत आली. सरांनी मला हे फोनवर सांगितलं, तीन वाक्यांत, आणि फोन ठेवला. माझी परीक्षा पुन्हा घेण्याचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन मी त्या काठाला गेलो. नको म्हणत होतो, पण पोरांना कयाकचं वेड. पर्यटन केंद्राच्या धक्क्यावर दहा-बारा पाहुणे लाइफ जॅकेट घालून उभे होते. सगळ्यांना सूचना देणारी बाई भारदस्त झाली होती, केसांत एक-दोन रुपेरी. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, ती ताठ ठेवूनच ती जॅकेटचे बंद तपासत येत होती. कंबरेला मागे कोयता. मी मान खाली घातली. ती माझ्यासमोर आली आणि थांबली.

"काका," ती म्हणाली, "कंबर दावा."

पाहुणे हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टेखोर आहे. नातू म्हणाला, "आजोबा, कंबर कशाला?" साळू हसत नव्हती.

मी जॅकेट सोडलं आणि सगळ्यांदेखत शर्ट वर केला. तिने नीट बघितलं, पुढून, मग मागे जाऊन.

"बसा," ती म्हणाली. "पर पुढं बसा. सुकानू माज्याकडं."

मी पुढे बसलो. तिने कयाक पाण्यात ढकलली, मागे चढली, आणि काठ जरा लांब गेल्यावर तिने हाक घातली. कडा उजव्या कानाला बोलला. या वेळी मी तो ऐकला.